पी. व्ही. नरसिंह राव यांचे स्मरण : रामटेकने आणि महाराष्ट्राने काय करावे?

विदर्भवासी (धागालेखक)

३० मार्च २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले आणि त्यांच्या पुत्राने ते स्वीकारले. त्या वर्षी कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, चौधरी चरण सिंह, राव आणि एम. एस. स्वामिनाथन अशा पाच जणांना हा सन्मान जाहीर झाला. वर्षाला जास्तीत जास्त तीन, ही मर्यादा त्या वर्षी ओलांडली गेली आणि लोकसभा निवडणूक तोंडावर होती, हे सर्वांच्याच लक्षात आहे. त्या निवडीमागच्या राजकारणावर इतरत्र भरपूर लिहून झाले आहे. मला येथे आपल्या घरचा प्रश्न मांडायचा आहे.

राव यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध वरवरचा नव्हता. हैदराबाद संस्थानातील वंदे मातरम् चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना तेथील शिक्षण सोडावे लागले आणि पुढचे शिक्षण पुणे आणि नागपूर येथे झाले. मराठी ते अस्खलित बोलत आणि वाचत. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन मतदारसंघांतून उभे होते. हनमकोंड्यात भाजपचे उमेदवार चंदुपटला जंगा रेड्डी यांनी त्यांचा पराभव केला (त्या वर्षी भाजपचे जे दोनच खासदार निवडून आले त्यांपैकी हे एक). राव लोकसभेत पोहोचले ते रामटेकच्या मतदारांमुळे. १९८९ मध्ये रामटेकने त्यांना पुन्हा निवडून दिले. १९९१ मध्ये ते निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. राजीव गांधी यांच्या हत्येनंतर २१ जून १९९१ रोजी ते पंतप्रधान झाले आणि पुढे आंध्र प्रदेशातील नंद्याळच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले, ही त्यानंतरची हकिकत सर्वांना ठाऊक आहे.

आता त्यांच्या स्मारकांचा क्रम पाहावा. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी ९, मोतीलाल नेहरू मार्ग येथील निवासस्थानातून पार्थिव तोफगाड्यावरून निघाले. काँग्रेसचे तेव्हाचे मुख्यालय असलेल्या २४, अकबर रोड येथे तो गाडा थांबला, परंतु फाटक उघडले गेले नाही. ज्या माणसाने त्या पक्षाचे अध्यक्षपद भूषवले आणि त्या पक्षाचे सरकार पाच वर्षे चालवले, त्याचे पार्थिव रस्त्यावर थांबून तेथून विमानतळाकडे गेले. दिल्लीत अंत्यसंस्कार व्हावेत ही कुटुंबीयांची इच्छा पूर्ण झाली नाही. २५ डिसेंबरला हैदराबाद येथे हुसेन सागराच्या काठी अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागेला आज ज्ञानभूमी असे म्हणतात.

२००९ मध्ये हैदराबादच्या मेहदीपट्टणम ते आरामघर या ११.६ किलोमीटर लांबीच्या उड्डाणमार्गाला त्यांचे नाव मिळाले. त्या वेळी आंध्र प्रदेशात काँग्रेसचेच सरकार होते. दिल्लीतल्या काँग्रेसने जे केले नाही ते राज्यातल्या काँग्रेसने एका रस्त्यापुरते केले, ही बाब सहसा कोणी नमूद करीत नाही. २०१५ मध्ये मोदी सरकारने दिल्लीत यमुनेकाठी एकता स्थळाच्या परिसरात त्यांचे स्मारक उभारले. तेलंगणात के. चंद्रशेखर राव यांच्या सरकारने २८ जून २०२० ते २८ जून २०२१ हे संपूर्ण वर्ष जन्मशताब्दी म्हणून साजरे केले, सप्टेंबर २०२० मध्ये विधानसभेत भारतरत्नाची मागणी करणारा ठराव संमत केला, हुसेन सागराभोवतीच्या नेकलेस रोडला त्यांचे नाव दिले आणि तेथे २६ फूट उंचीचा कांस्यपुतळा बसवला. राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे.

या प्रत्येक कृतीमागे करणाऱ्याचा एक हिशेब दिसतो. काँग्रेसने ज्याला टाकले त्याला आपण उचलून धरले, हे भाजपला दाखवायचे होते. नव्या राज्याला स्वतःचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरुष हवा होता, तो तेलंगणाला राव यांच्यात सापडला. मी याला वाईट म्हणत नाही. सन्मानामागे हेतू असतोच. परंतु या साऱ्यात राव यांनी केले काय, आणि जे त्यांनी करायला हवे होते व केले नाही ते काय, याचा अभ्यास कोठेच होत नाही. पुतळ्याखाली जन्म आणि मृत्यूची तारीख असते, बाकी सर्व मोकळे.

माझे म्हणणे असे की महाराष्ट्राला, विशेषतः रामटेकला, वेगळे काही करण्याची संधी आहे. आपल्याला त्यांच्या नावावर मते मागायची नाहीत, त्यांच्यावर कोणाचा वारसाहक्क सांगायचा नाही. म्हणून आपण त्यांचे पूर्ण स्मरण करू शकतो. ते कसे असावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

शिलालेख

धाग्याचा विषय आवडला. एक पार्श्वभूमी जोडतो, कारण दिल्लीत समाधी न मिळणे हा केवळ राव यांच्यावरच झालेला अन्याय आहे असा समज या चर्चेत नेहमी पसरतो.

पंतप्रधानपदावर राहिलेल्या सर्वांना दिल्लीत जागा मिळाली असे नाही. नेहरूंचे शांतिवन, शास्त्रीजींचा विजय घाट, इंदिरा गांधींचे शक्तिस्थळ, राजीव गांधींची वीरभूमी, चरण सिंहांचा किसान घाट ही यमुनेकाठची मालिका आपल्या डोळ्यांसमोर असते. पण मोरारजी देसाई यांची समाधी अहमदाबादेत साबरमतीच्या काठी अभय घाट येथे आहे. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे निधन २७ नोव्हेंबर २००८ रोजी झाले, मुंबईवरील हल्ला अजून चालू होता, आणि त्यांचे अंत्यसंस्कार अलाहाबादला झाले. त्या गदारोळात देशाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्यांचा पुतळा अखेर २०२३ मध्ये उभा राहिला तो चेन्नईत, तमिळनाडू सरकारच्या पुढाकाराने, कारण मंडल आयोगाची आठवण तेथे जिवंत आहे. त्यामुळे ‘ज्या राज्याला ज्याच्या कामाचा लाभ झाला त्या राज्याने स्मारक उभारावे’ या तुमच्या विचाराला आधीचे एक उत्तम उदाहरण आहे.

यमुनेकाठची जागा संपत आली, तेव्हा २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय स्मृती स्थळ या नावाने सर्वांसाठी एकच सामाईक जागा ठरवली. हा निर्णय शहाणपणाचा होता आणि तो मनमोहन सिंग यांच्या सरकारने घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द मनमोहन सिंग यांचे निधन झाले, निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले आणि स्मारकाच्या जागेवरून पुन्हा तोच वाद झाला. तेव्हा २००४ च्या त्या फाटकाची आठवण दोन्ही बाजूंनी काढली.

परंतु मी येथे भेद करतो. जागा न देणे ही एक गोष्ट आणि फाटक न उघडणे ही दुसरी. पहिलीला नियमांचे, जागेच्या टंचाईचे कारण देता येते. दुसरीला कोणतेही कारण देता येत नाही. मृताला पक्ष कार्यालयात काही मिनिटे ठेवून कार्यकर्त्यांना दर्शन घेऊ देणे ही रीत आहे. त्यासाठी ठराव लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. ती टाळली गेली, याची भरपाई २०१५ चा दगड किंवा २०२४ चे पदक करू शकत नाही, कारण ती चूक ज्यांनी केली त्यांनी ती दुरुस्त केलेली नाही. दुसऱ्याने केलेला सन्मान हा स्वतंत्र सन्मान होय.

पश्चिमवारा

धागालेखकांनी ‘पूर्ण स्मरण’ असा शब्दप्रयोग केला आहे म्हणून लिहितो, अन्यथा अशा चर्चेत मी पडत नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मी मुंबईत होतो. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली रहिवाशांच्या नावांचा लाकडी फलक होता, मजल्याप्रमाणे आणि खोली क्रमांकाप्रमाणे रंगवलेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी तो उतरवून आतल्या खोलीत उलटा करून ठेवला. शहरात अनेक इमारतींनी तसे केले. दारावरच्या पाट्या काढल्या, टपालपेट्यांवरची नावे खरवडली. नाव वाचून कोणाचे घर जाळायचे ते ठरत होते. मुंबईतील या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत मिळून ९०० माणसे मेली. त्यानंतर १२ मार्चचे बॉम्बस्फोट झाले.

६ डिसेंबरला अयोध्येत मशीद पाडली जात असताना देशाचे पंतप्रधान नरसिंह राव होते. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयात हमी दिली होती, राज्य सरकार बरखास्त करण्यासाठी आवश्यक तो अहवाल राज्यपालांकडून आला नव्हता, केंद्रीय दले जवळ होती पण ती वापरणे राज्याच्या हाती होते, हे सर्व बचाव मी वाचले आहेत. मशीद पाडल्याची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाने सतरा वर्षांनी दिलेल्या अहवालात केंद्रावर ठपका ठेवला नाही, हेही मला माहीत आहे. कायद्याच्या चौकटीत हे बचाव कदाचित टिकतीलही. परंतु पंतप्रधान हा कायद्याचा कारकून नसतो. संकट महिनोन्‌महिने सर्वांसमोर वाढत होते.

आणि हे एकटेच उदाहरण नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ नंतर दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले तेव्हा केंद्रीय गृहमंत्री राव होते आणि दिल्ली पोलीस गृहमंत्रालयाच्या अधीन होते. रामटेकमधून निवडून येण्यापूर्वी काही आठवड्यांची ही गोष्ट आहे.

माझा राव यांच्या विद्वत्तेवर, अनेक भाषांवरच्या प्रभुत्वावर, आर्थिक धोरणावर आक्षेप नाही. स्मारक करावे. परंतु त्यावर या दोन गोष्टी लिहिल्या जाणार नसतील, तर ते स्मारक आमच्यासारख्यांना परके वाटेल. मला त्यांचा धिक्कार नको, नोंद हवी.

लेखाजोखा

पश्चिमवारा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांच्या मुख्य मागणीशी सहमत आहे. दुसरी बाजू मांडतो ती त्यांना खोडण्यासाठी नाही, त्याच फलकावर शेजारी काय यावे ते सांगण्यासाठी.

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाचा साठा काही आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण म्हणून पाठवले. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, तो दिवस सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्याच दिवशी, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, नवे औद्योगिक धोरण संसदेच्या पटलावर ठेवले गेले. अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांना परवाना पद्धतीतून मोकळे करणारे ते धोरण. उद्योग खाते पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवले होते, आणि तरीही ते धोरण त्यांनी स्वतः मांडले नाही, राज्यमंत्र्यांकरवी मांडले. अर्थसंकल्पाच्या गडबडीत त्या मोठ्या बदलावर फारसा गदारोळ होऊ नये, असा त्यामागे विचार असावा असे मला वाटते. राव यांची कार्यपद्धती समजून घ्यायची असेल तर हा एक दिवस पुरेसा आहे. श्रेय दुसऱ्याकडे जाऊ द्यायचे, काम होऊ द्यायचे. ज्याने आपले श्रेय स्वतःच झाकून ठेवले त्याचे स्मारक मागे पडले, यात नवल नाही.

त्यांच्या सरकारला सुरुवातीला लोकसभेत बहुमत नव्हते, हेही विसरता येत नाही. ते टिकवताना झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचे प्रकरण घडले. २००० मध्ये खालच्या न्यायालयाने राव यांना दोषी ठरवले, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. लखुभाई पाठक या व्यावसायिकाची फसवणूक केल्याच्या आरोपाच्या प्रकरणातून ते डिसेंबर २००३ मध्ये मुक्त झाले, म्हणजे निधनाच्या जेमतेम वर्षभर आधी. पंतप्रधानपद सोडल्यानंतरची त्यांची बहुतेक वर्षे वकिलांच्या सल्लामसलतीत आणि न्यायालयात गेली. हेही त्यांच्या चरित्राचा भाग आहे आणि भारतरत्नाच्या बातम्यांत ते कोठेही नव्हते.

आता पश्चिमवारा यांच्या मुद्द्याला लागून एक गोष्ट. सप्टेंबर १९९१ मध्ये याच सरकारने प्रार्थनास्थळांचा कायदा संमत करून घेतला, ज्यात १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे प्रार्थनास्थळ ज्या स्वरूपात होते ते तसेच राहील असे ठरवले गेले आणि अयोध्येचा वाद तेवढा त्यातून वगळला. ६ डिसेंबरनंतर भाजपची चार राज्य सरकारे बरखास्त झाली, आणि त्यांपैकी मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचल प्रदेश या तीन राज्यांबाबतचा निर्णय बोम्मई खटल्याच्या निकालात मार्च १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. मशीद पडण्याआधी कायदा करणारा आणि पडल्यानंतर कारवाई करणारा माणूस मधल्या त्या एका दिवशी का थांबला, याचे उत्तर मला अद्याप समाधानकारक मिळालेले नाही. अभ्यास व्हायला हवा तो याच प्रश्नाचा.

नवोदयी

या चर्चेत शिक्षणाचा उल्लेख आला नाही म्हणून लिहितो. सप्टेंबर १९८५ मध्ये राव केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यांच्या काळातले. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात निवासी शाळा काढण्याची नवोदय विद्यालयांची योजना तेव्हाच सुरू झाली. सुरुवातीला प्रायोगिक तत्त्वावर दोनच विद्यालये निघाली. एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीत. आज देशात अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत.

या कल्पनेचे मूळ आंध्रात आहे. १९७१ मध्ये तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे गरीब पण गुणी मुलांसाठी निवासी शाळा निघाली, तिच्यामागे राव होते. एका गावातली शाळा पंधरा वर्षांनी राष्ट्रीय योजना झाली.

मी स्वतः नवोदयचा विद्यार्थी आहे. पाचवीत परीक्षा दिली, सहावीला पेटी घेऊन वसतिगृहात आलो. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवतात आणि तेथली मुले आपल्याकडे येतात. माझ्या वर्गातली मुले हिंदी प्रदेशात गेली आणि तिकडची मुले आमच्या खोलीत राहायला आली. पहिले दोन महिने एकमेकांचे जेवण आवडत नव्हते, भांडणे होत होती. वर्ष संपताना निरोपाच्या दिवशी कोणीच बसमध्ये चढेना. अनेक भाषा जाणणाऱ्या माणसाच्या मंत्रालयातून अशी तरतूद निघावी, हे मला फार योग्य वाटते.

विद्यालयात कोठेही त्यांचे नाव नव्हते. शाळेच्या नावात जवाहरलाल नेहरू आहेत, धोरणाचे श्रेय राजीव गांधींना दिले जाते. दोघांचेही स्थान मी नाकारत नाही. परंतु अमरावतीच्या त्या पहिल्या विद्यालयात राव यांच्या नावे एक ग्रंथालय किंवा निदान एक दालन असावे, असे मला मनापासून वाटते. पुतळ्यावर जो खर्च होतो त्याच्या लहानशा अंशात ते होईल.

अक्षरयात्री

नवोदयी यांच्या सूचनेला जोडून एवढेच सांगतो की त्या ग्रंथालयात पहिल्या फळीवर काय ठेवावे हे ठरलेलेच आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद राव यांनी केला. ‘अबला जीवितम्’ हे त्याचे नाव. बालविधवांच्या यातना सांगणारे एकोणिसाव्या शतकातले मराठी पुस्तक आपल्या भाषेत न्यावे असे आंध्रातल्या एका राजकारणी माणसाला वाटले आणि त्याने ते स्वतः बसून केले. आपल्या राज्यातील किती मंत्र्यांनी शेजारच्या भाषेतील एक कादंबरी अनुवादित केली आहे?

रामटेकला १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. राव स्वतः संस्कृतचे जाणकार होते. तेथे मराठी आणि तेलुगू यांच्यातील अनुवादासाठी त्यांच्या नावे दरवर्षी एक पारितोषिक किंवा व्याख्यान ठेवता येईल. दोन शेजारच्या भाषा, शेकडो वर्षांचा शेजार, आणि थेट अनुवाद किती कमी. बहुतेक वेळा आपण एकमेकांना हिंदी किंवा इंग्रजीमार्फत वाचतो.

विदर्भवासी (धागालेखक)

सर्वांचे आभार. ज्या गांभीर्याने आपण लिहिले त्यामुळे आता नेमका प्रस्ताव मांडणे शक्य झाले आहे.

पुतळा नको. अमरावतीच्या नवोदय विद्यालयात ग्रंथालयाचे दालन आणि रामटेकला वार्षिक व्याख्यान, या दोन गोष्टींसाठी संबंधित संस्थांना पत्र लिहावे. पत्राचा मसुदा मी करतो. व्याख्यानासाठी २८ जून ही जन्मतारीख सोयीची आहे. मात्र मला २४ एप्रिल अधिक पसंत आहे. १९९३ मध्ये त्या दिवशी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींना घटनेत स्थान मिळाले आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. राजीव गांधी यांच्या काळात हा प्रयत्न राज्यसभेत अडला होता, तो राव यांच्या सरकारने पूर्ण केला. लोकसभेने ती दुरुस्ती २२ डिसेंबर १९९२ रोजी संमत केली. म्हणजे अयोध्येनंतर सोळाव्या दिवशी, देश पेटलेला असताना, त्याच लोकसभेत. पश्चिमवारा आणि लेखाजोखा या दोघांचे राव त्या एकाच महिन्यात सापडतात.

दालनातील फलकासाठी मजकूर सुचवतो. नावाआधी ‘भारतरत्न’ लिहिलेले नाही ते हेतुपूर्वक. घटनेच्या अठराव्या अनुच्छेदाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे की हा पुरस्कार नावाच्या मागे वा पुढे पदवीसारखा लावता येत नाही. मजकूर असा :

‘पी. व्ही. नरसिंह राव (१९२१–२००४). रामटेकचे लोकसभा सदस्य, १९८४ आणि १९८९. मनुष्यबळ विकास मंत्री असताना नवोदय विद्यालयांची योजना यांच्या काळात सुरू झाली. पंतप्रधान असताना १९९१ चे आर्थिक धोरण आणि ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती यांच्या सरकारने केली. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा हे पंतप्रधान होते. आपटे यांच्या कादंबरीचे तेलुगू अनुवादक. भारतरत्न, मरणोत्तर, २०२४.’

शिलालेख

मजकूर संयत आहे. शाळेच्या दालनात मशिदीचे वाक्य नको असे कोणी म्हणेल, त्याची तयारी ठेवावी लागेल. माझे मत, ते वाक्य राहावे. अकरा-बारा वर्षांची मुले ते वाचून शिक्षकांना प्रश्न विचारतील आणि शिक्षकांना उत्तर शोधावे लागेल. ग्रंथालयात हे घडायलाच हवे.

पश्चिमवारा

वाक्य ठेवल्याबद्दल आभार. दोन सूचना आहेत. १९८४ ची नोंद राहून गेली आहे : ‘दिल्लीतील शीखविरोधी हत्याकांडाच्या वेळी केंद्रीय गृहमंत्री’ एवढे शब्द नवोदयच्या ओळीआधी घालावेत, म्हणजे कालक्रमही बरोबर राहील. दुसरे म्हणजे ६ डिसेंबरच्या वाक्यापुढे ‘त्यानंतरच्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली’ हे जोडावे. एवढे झाल्यास पत्रावर माझीही सही घ्यावी, आणि दालनाच्या खर्चात माझा वाटा धरावा.

विदर्भवासी (धागालेखक)

दोन्ही वाक्ये घातली आहेत. आर्थिक धोरणाच्या ओळीत औद्योगिक धोरणाचा स्वतंत्र उल्लेख हवा का, हे लेखाजोखा यांनी कळवावे. तेलुगू अनुवादाच्या प्रकाशनाचा तपशील अक्षरयात्री यांच्याकडून मिळाला की तोही लिहितो. पत्राचा मसुदा याच धाग्यावर देईन, ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली कळवावे.